लाल दगडाची फेरी

प्रयागबाईला सरळ चालायचंच नव्हतं. तिला गोल चालायचं होतं.

आता बोला! ज्या बाईचा डावा पाय गुडघ्याखाली उडून गेला, जिला नवा पाय लागून धड महिना झाला नाही, तिनं आधी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नीट जाऊन दाखवावं की नाही? पण तिची तऱ्हाच वेगळी. नागपुरातल्या त्या पाय बनवणाऱ्या केंद्रात एक लांबलचक खोली होती, मधोमध लोखंडी कठडे लावलेले. कठडे धरून ती एखाददोन खेपा करायची, त्याही आपल्यावर उपकार केल्यासारख्या, आणि मग कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट दाखवायची.

"भाऊ, तो मधात आन न. त्याच्या भोवतानं फिरू दे मले."

ताराचंद मेश्राम स्टूल मधात आणून ठेवायचा. साठीला टेकलेला माणूस, फौजेतून निवृत्त, अंगानं काटक आणि जिभेनं तिखट. "काहून वं बाई?" तो म्हणायचा. "सरळ चालता येऊन नाही राहिलं, अन् गोल गोल कायले फिरून राहिली?"

"मोहाखाली काय सरळ चालतेत का?"

हे मात्र त्याला पटलं. मोहफुलं वेचणारी बाई झाडाभोवती फेर धरूनच वेचते, हे त्यानं जंगलात डोळ्यांनी पाहिलं होतं. मग लागला शिकवायला. वळताना पाऊल लहान टाक. नवा पाय बाहेरच्या अंगाला राहू दे. पायाकडे नको बघू, पुढे बघ. केंद्रातले लोक त्याला हसायचे. एकदा तो म्हणाला, "आता उलटीकडून फिर, दोन्ही अंगाची सवय झाली पाहिजे." प्रयागबाई जागची हलली नाही. "तिकडून नाही," एवढंच म्हणाली. त्याला वाटलं, तिकडून फिरताना नव्या पायावर भार येत असेल, भीत असेल बिचारी. त्यानं विषय सोडून दिला.

घरी येऊन त्यानं बायकोला, प्रेमिलाला, सगळं करून दाखवलं, खुर्चीभोवती स्वतः फिरून. प्रेमिला कणीक मळत होती. "बाप्पा! पोराच्या पहिल्या पावलाचं एवढं कौतुक केलं नव्हतं तुम्ही," ती म्हणाली. पण तिलाही बरं वाटलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. प्रयागबाई आणि तिची सून कामिनी या दोघी मनीषनगरच्या त्यांच्याच घरी, वरच्या खोलीत राहत होत्या. दवाखान्यानं सुट्टी दिली तेव्हा नवा पाय मिळेपर्यंत नागपुरात राहायला दोघींना जागा नव्हती, आणि प्रेमिलानंच म्हटलं होतं, आणा घरी, दोन पोळ्या जास्तीच्या टाकीन.

ताराचंदला या बाईचा एवढा पुळका काहून, ते सांगितलंच पाहिजे. नातं नाही, गोत नाही. पण तिचा पाय गेला तो त्यानं शिकवलेल्या खुणेपाशी गेला. यात गुपित काही नव्हतं. पथकाला माहीत होतं, अधिकाऱ्यांना माहीत होतं, आणि कोणीच त्याला दोष देत नव्हतं. दोष दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

झालं होतं ते असं. फौजेत सुरुंग पेरणं आणि सुरुंग काढणं हाच ताराचंदचा धंदा. निवृत्त झाल्यावर माजी सैनिकांच्या एका पथकासोबत तो लंकेत गेला. तिथली लढाई संपली होती, सुरुंग मात्र जमिनीत तसेच होते. तिथं त्यानं लाल दगड पाहिला. जिथवर जमीन तपासून झाली तिथं पांढरा दगड ठेवायचा, आणि जिथून पुढे मरण आहे तिथं लाल. लंकेतलं शाळकरी पोरही लाल दगड दिसला की मागे फिरायचं. ताराचंदला ती गोष्ट फार आवडली. अक्षर न येणाऱ्यालाही कळेल अशी खूण, आणखी काय पाहिजे माणसाला?

पुढे गडचिरोलीच्या टोकाला, राज्याच्या सीमेवरच्या जंगलात, वर्षानुवर्षं पेरलेले सुरुंग काढायला शेजारच्या राज्यांनी मिळून एक संयुक्त पथक उभं केलं. शिकवायला कोण? तर लंकेत काम केलेला ताराचंद मेश्राम. त्यानं जीव ओतून शिकवलं. प्रयागबाईच्या गावाजवळ एक नाला आहे, तीच दोन राज्यांची शीव. नाल्याच्या पलीकडच्या काठाला मोहाची दाट रांग. पथकानं पायवाट तपासली, मोहाखाली सुरुंग असल्याचं कळलं तिथं थांबलं, आणि लाल रंग दिलेले दगड मांडून परत आलं. ती जमीन पलीकडच्या राज्याची, म्हणून सुरुंग काढायचं काम संयुक्त पथकातल्या त्यांच्या माणसांचं. ती माणसं आलीच नाहीत. त्यांना आधी गाड्यांचे रस्ते साफ करायचे होते. मोहाखाली गाडी थोडीच जाते!

दगड तसेच राहिले. आणि एक दिवस गावातल्या बाया सरपणाला गेल्या. त्यांना काय दिसलं? कालपर्यंत जिथं काही नव्हतं तिथं, झाडाखाली, शेंदूर लागलेले दगड बसलेले. देव निघाले!

आता, पथकानं गावाला बजावलं नव्हतं असं नाही. सभा घेतली होती, हिंदीतून, पुरुषांची. बाया तेव्हा रानात होत्या. पुरुषांनी घरी येऊन सांगितलंही असेल, नसेलही. प्रयागबाई नारळ-अगरबत्ती घेऊन गेली. दगडापुढे बसली, नारळ फोडला, हळद वाहिली. इथवर ती सुखरूप होती, कारण दगडाची अलीकडची बाजू तपासलेली होती. मग ती उठली आणि रीतीप्रमाणं देवाला फेरी मारायला निघाली. फेरी मारायची म्हणजे दगडाच्या मागून जाणं आलंच.

प्रेमिलानं त्याला एकदा विचारलं होतं. "तुमच्या मनात एकदाही आलं नाही का हो, लाल दगडाले लोक हात जोडतात म्हणून?"

नव्हतं आलं. खरंच नव्हतं आलं. छप्पन साली दीक्षा घेऊन त्याचा आजा घरी आला, घरातले देव टोपलीत भरले आणि नदीला सोडून आला. त्यानंतर त्या घरात शेंदराचा दगड शिरला नाही. ताराचंद वाढला तो बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, पांढऱ्या लुगड्यांत आणि निळ्या झेंड्यांत. वाटेत शेंदरी दगड लागला तर त्याची नजर विजेच्या खांबावरून जावी तशी त्यावरून जायची. त्याच्या लेखी लाल म्हणजे धोका, बस्स. पथकातल्या एखाद्याच्या मनात आलंही असेल, पण शिकवणाऱ्या साहेबाच्या खुणेवर बोट कोण ठेवणार? आज्यानं केलं त्याचा ताराचंदला अभिमान होता, आजही आहे. पण त्या अभिमानात एवढी एक जागा त्याला कधी दिसलीच नाही, आणि नेमक्या त्या जागेवर या बाईचा पाय पडला.

घटना झाली तसा तो गावात गेला होता. पत्र्याच्या पाट्या घेऊन गेला, कवटी काढलेल्या. लोकांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, माना डोलावल्या. नंतर कळलं ते असं की देवासमोर झेंडा लागला आहे आणि कवटीच्या पाटीचं देवावर छप्पर झालं आहे. जागृत देव म्हणे! नाहीतर सुरुंगावर पाय पडून कोण जिवंत राहते?

म्हणजे दगड काही आपोआप जाणार नव्हते. आणि मोह गळायचे दिवस तोंडावर आले होते. मोह गळायला लागला की सगळं गाव, लेकराबाळांसकट, झाडांखाली जातं. एक तर त्याआधी सुरुंग निघायला हवे होते, नाहीतर निदान ते लाल दगड उचलून दुसरी कसली तरी खूण लावायला हवी होती, जिच्यापुढे कोणी हात जोडणार नाही. ताराचंदनं सगळ्यांचे उंबरे झिजवले. इकडचे म्हणाले, जमीन आमची नाही. तिकडचे म्हणाले, खूण आमची नाही. तो म्हणाला, मी स्वतः जाऊन उचलतो. तर म्हणे, खबरदार! सुरुंग काढल्याशिवाय खूण हलवणं गुन्हा आहे, आणि परवान्याशिवाय नाला ओलांडलात तर नाल्याजवळच्या पोलीस छावणीवरूनच परत पाठवू. पाठवलंही एकदा.

अशात नूपुर मॅडमचा फोन आला. ही संयुक्त पथकाचं काम बघणारी अधिकारी, वयानं लहान, मनानं चांगली. नागपुरात मोठी परिषद होती. शेजारची राज्यं तर येणारच होती, शिवाय लंका, नेपाळ अशा शेजारच्या देशांतलेही लोक, सुरुंग काढणारे, पाय बनवणारे, जखमींना उभं करणारे. एकमेकांकडून शिकायचं, एकमेकांना मदत करायची. "प्रयागबाई मंचावर चालत आल्या तर फार परिणाम होईल, काका," ती म्हणाली. "त्या म्हणजे आपल्या सगळ्यांच्या कामाचं फळ आहे."

"येईल," ताराचंद म्हणाला. "पण मग मले बोलू द्यायचं. लाल दगडावर."

"बोला की. सगळे निर्णय घेणारे समोरच बसलेले असतील."

या एका वाक्यावर ताराचंद चार दिवस उड्या मारत होता. आरशासमोर उभं राहून भाषण करायचा. प्रेमिला म्हणायची, आता आरशालाही पाठ झालं.

परिषद वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात होती. गार सभागृह, पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेल्या खुर्च्या, समोर फुलांनी सजवलेली समई. प्रयागबाईनं प्रेमिलाचं जरीकाठाचं लुगडं नेसलं होतं. नाव पुकारलं तशी ती उठली आणि कामिनीचा हात बाजूला करून एकटी मंचापर्यंत गेली. पायऱ्या होत्या. ताराचंद खालून हळूच म्हणाला, "चांगला पाय आधी." केंद्रात हेच शिकवलं होतं, वर चढताना चांगला पाय आधी टाकायचा. ती चढली. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. लंकेच्या पाहुण्यांनी डोळे पुसले. शाल आणि श्रीफळ देऊन तिचा सत्कार झाला. तिनं शाल कामिनीकडे दिली, नारळ मात्र दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. ताराचंदनं ते पाहिलं आणि त्याचं मन भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा मान मिळाला असेल बिचारीला, असं त्याला वाटलं.

मग त्याची पाळी आली. तो चांगला बोलला. पाठ केलेलं विसरला आणि मनातलं बोलला, म्हणून चांगला बोलला. "साहेब, लाल दगड लंकेत चालला म्हणून इथं चालत नाही. तिथं लाल बघून माणूस मागं फिरते, इथं लाल बघून माणूस जवळ येते. ही चूक माझी आहे. पण दगड अजून तिथंच आहेत. मोह गळायच्या आधी एक तर जमीन साफ करा, नाही तर मले ते दगड उचलू द्या." लंकेचे पाहुणे मान हलवत होते. नूपुर मॅडमनं हात जोडले. ताराचंदला वाटलं, झालं काम.

पलीकडच्या राज्याचे अधिकारी उठले. माणूस समजूतदार होता, तोच तर घोळ. ते म्हणाले, आपका दर्द हम समझते हैं. पण लाल ही खूण सगळीकडे ठरलेली आहे, आमच्या सगळ्या जवानांना तीच शिकवली आहे. एका नाल्यासाठी ती बदलली आणि उद्या एखादा जवान दगड नाही म्हणून बेधडक पुढे गेला, तर त्याच्या आईला काय सांगायचं? ताराचंदला हे पटलं. तो स्वतः जवान होता. दुसरे म्हणाले, मग जमीनच साफ करू. तिसरे म्हणाले, करू, पण पथकाला जायला रस्ता नाही, रस्त्याचं काम पावसाळ्यानंतर. प्रत्येकाचं म्हणणं बरोबर होतं. शेवटी असं ठरलं की या महत्त्वाच्या विषयावर सगळ्या राज्यांची मिळून एक उपसमिती नेमावी, आणि पुढच्या परिषदेत तिनं आपलं म्हणणं मांडावं. पुढची परिषद हिवाळ्यात. टाळ्या झाल्या. मग जेवण होतं, पुलाव आणि संत्र्याची बर्फी.

घरी येताना ऑटोत ताराचंद तोंड पाडून बसला होता. प्रयागबाई मात्र खुशीत होती. मांडीवर नारळ घेऊन शहर पाहत होती. "भाऊ, कायले नाराज होते गा?" ती म्हणाली. "चांगले मानसं होते. साऱ्यांनी हात जोडले मले."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेमिलानं स्वयंपाकघरातून हाक मारली. सावजी रश्श्यासाठी खोबरं हवं होतं. "प्रयागबाई, तो नारळ फोडतो वं मी. परवा तुम्ही गावाले चालल्या, एवढं ओझं कायले नेता?"

प्रयागबाईनं नारळ पदराखाली ओढला. "तो नाही फोडाचा, बाई. नवसाचा हाये."

"कसला नवस?"

तिनं सांगून टाकलं. लपवण्यासारखं तिला त्यात काही वाटतच नव्हतं. दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हाच ती बोलली होती, देवा, तू माहा जीव वाचवला, आता पाय दे. माह्या पायानं चालत येईन, नारळ देईन, फेरी घालीन. आणि पाय मिळाला होता.

कामिनी दारात बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. ती खालच्या मानेनं म्हणाली, "सारं गाव थांबलं हाये, काका. आत्याबाईची फेरी झाली की मंग सारे फेरी घालतीन. बायामानसं, लेकरं, सारे. जेवनाची पंगत तिथंच हाये, मोहाखाली."

ताराचंद खुर्चीवर बसला होता, तो बसूनच राहिला. केंद्रातलं ते स्टूल त्याच्या डोळ्यांपुढे आलं. उजवीकडूनच फिरणारी प्रयागबाई. तिकडून नाही, म्हणणारी प्रयागबाई. अरे, देवाला उलटी फेरी कोणी घालते का! आणि तो, शहाणा, तिच्या मागे हात पसरून उभा, वळताना पाऊल लहान टाक, नवा पाय बाहेरच्या अंगाला राहू दे. त्यानं तिला स्वतःच्या हातानं दगडाभोवती फिरायला शिकवलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "तो देव नाही. डब्यातला रंग आहे तो. मीच सांगितला होता लावायले."

प्रयागबाई रागावली नाही. "मले मालूम हाये, भाऊ. गावातल्या मानसाईनं सांगतलं. पन मानसाच्या हाताबिगर कोनत्या देवाले शेंदूर लागला हाये, सांग बरं?"

"त्याच्या मागं सुरुंग आहे वं माय!"

"होता. तो फुटला."

"एक नसतो! एकाच्या बाजूले दुसरा पुरलेला राहते. तीस-पस्तीस वर्षं हेच काम केलं मी, मले सांगून राहिली का तू?" त्याचा आवाज चढला. प्रेमिला हात पुसत बाहेर आली.

प्रयागबाईनं त्याच्याकडे शांतपणे बघितलं. तिला त्याची दया येत होती, हे त्याला दिसलं, आणि ते सगळ्यात वाईट होतं. "भाऊ, तुह्यावर माहा राग नाही. तू माह्यासाठी लय केलं. पन तूच सांग. सुरुंग मानसाईनं पुरले. मानसाईनं ते काढले नाही. काल त्या गार खोलीत एवढे मोठे मोठे मानसं जमले, माह्यासमोर बोलले, मले सारं समजलं नाही पन एवढं समजलं, की आता कोनी येत नाही. मंग मी मानसाईचं काहून ऐकू? ज्यानं जीव वाचवला त्याचंच ऐकतो मी."

ताराचंदनं प्रेमिलाकडे पाहिलं. प्रेमिलानं मान फिरवली. त्यानं कामिनीला म्हटलं, तू तरी अडव वं तिला. कामिनी म्हणाली, "मी तं संग जानार हाये. नवा पाय हाये, फेरी घालताना कोनी धराले पाहिजे न."

त्यानं नूपुर मॅडमला फोन लावला. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "काका, मी दोन्हीकडे आजच कळवते." तिचा आवाज रडवेला होता, ती कळवणारही होती, आणि कळवून काय होणार ते दोघांनाही माहीत होतं. त्यानं छावणीवर फोन लावला. बाया देवाला जातात तर आम्ही कसं अडवायचं, तिकडून विचारलं गेलं, अन् नाल्यापलीकडे तर आमचं कामच नाही.

निघायच्या आदल्या दुपारी प्रयागबाई खालच्या खोलीत कुलरसमोर निजली होती. नवा पाय काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. ताराचंदनं तो उचलला. हलका होता, एखाद्या लेकराएवढा. आत ओलावा होता, तिच्या घामाचा. बाजूला पट्टा होता, पट्ट्याला एक चाप. तो चाप मोडला तर? दुरुस्तीला पाठवावा लागेल, दिवस जातील, मोह गळून संपेल. ती जाणार नाही. ती गेली नाही तर फेरी होणार नाही, आणि गावही थांबेल. त्यानं चापाला अंगठा लावला.

"ठेवा तो," प्रेमिला मागून हळूच म्हणाली. "तो तिचा पाय आहे. एक तं गेला, आता हाही तुम्हीच घेता का?"

त्यानं पाय होता तसा भिंतीला टेकवला आणि मागच्या अंगणात जाऊन रडला. चांगला रडला, हुंदके देऊन, नळ सोडून ठेवून, म्हणजे आवाज जाऊ नये.

सकाळी गणेशपेठच्या बसस्थानकावर तो दोघींना सोडायला गेला. गर्दी होती. कामिनीच्या डोक्यावर बोचकं, प्रयागबाईच्या हातात प्रेमिलानं बांधून दिलेल्या पोळ्या, आणि पदरात नारळ. प्रेमिलानं शाल तिच्या खांद्यावरून नीट गुंडाळून दिली होती. प्रयागबाई ताराचंदच्या पाया पडायला वाकली, त्यानं तिला अर्ध्यातच धरलं.

"बाई, माझं एक ऐक," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात जोर नव्हता, नुसती विनवणी होती. "नारळ दे. हात जोड. माथा टेक. तुझा देव आहे, मी त्याले काही म्हणत नाही. पण जे काही करायचं ते समोरून कर. मागं नको जाऊ. पुरी फेरी नको घालू."

ती खरंच विचारात पडली. भाऊचं मन मोडायचं तिच्या जिवावर आलं होतं, ते दिसत होतं. मग तिचा चेहरा उजळला. त्याची समजूत घालायला काहीतरी सापडलं होतं तिला.

"पुरी कुठं घालतो, भाऊ?" ती म्हणाली. "अर्धी तं तवाच झाली हाये. मांगची अर्धीच राह्यली."

गाडी लागली. लोक दाराशी झोंबले. कामिनी बोचकं घेऊन आधी घुसली. प्रयागबाई पायरीपाशी उभी राहिली, उंच पायरी होती, आणि तिनं मागे वळून त्याच्याकडे पाहिलं, केंद्रात पाहायची तसं.

"चांगला पाय आधी," ताराचंदच्या तोंडून निघून गेलं.

तिनं उजवा पाय वर टाकला, डावा ओढून घेतला, आणि कुणाला न धरता चढून गेली. मग खिडकीतून तिनं हात बाहेर काढला, आणि नीट चढली की नाही, असं त्याला हसून विचारलं.